दुखणं, औषधं आणि शुश्रूषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्स प्रॅक्टिशनर आहे. दिवसभर ज्यांचं काही ना काही दुखतंय अशा माणसांमध्ये असते. त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि ते बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एक विनंती आहे. इथलं वाचून चालू असलेलं औषध स्वतःहून वाढवू किंवा थांबवू नका. ज्यांनी ते लिहून दिलंय त्यांना विचारताना काय विचारायचं, एवढं यातून कळलं तरी मला पुष्कळ आहे.

१. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे नेमकं कोण? डॉक्टर की नर्स?

नर्सच. आधी नर्सिंगचं शिक्षण, मग वॉर्डातला अनुभव आणि त्यावर पदव्युत्तर शिक्षण, असा हा मार्ग आहे. रुग्णाला तपासणं, चाचण्या सांगणं, निदान करणं आणि औषध लिहून देणं या शिक्षणात येतं. यातलं किती स्वतंत्रपणे करता येईल ते त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. काही ठिकाणी आम्ही स्वतंत्रपणे औषध लिहितो, काही ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिला अभ्यासक्रम १९६५ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला. लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने तो मिळून उभा केला.

आमचा वेळ मुख्यतः रुग्णाजवळ जातो. गोळी लिहून दिली की काम संपलं असं आम्हाला शिकवलेलं नाही. तासाभराने परत जाऊन "आता कसं आहे?" विचारायचं असतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हे परत जाणं तुम्हाला दिसेल.

२. "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" असं सगळे विचारतात. सहा की सात, हे मला कसं कळणार?

बरोबर आकडा असा काही नसतोच. तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी ताडायचा नसतो, तुमच्याच कालच्या आकड्याशी ताडायचा असतो. काल आठ होता आणि आज पाच असेल, तर औषध लागू पडतंय. सकाळी तीन होता आणि दुपारी नऊ झाला, तर काहीतरी बिघडलंय आणि मला लगेच येऊन बघायला हवं.

फक्त आकड्यावर मी कधीच थांबत नाही. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस निपचित पडलेला असताना "दोन" म्हणतो. त्याला खोकायला सांगितलं की तोंड वेडंवाकडं होतं आणि तो खोकतच नाही. खोकला नाही तर कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. त्या माणसाचं दुखणं दोन नाही. म्हणून खोल श्वास घेता येतो का, कुशीवर वळता येतं का, संडासपर्यंत जाता येतं का, हे मी आकड्याबरोबर विचारते.

आकडा सुचत नसेल तर "नाही, थोडं, बरंच, असह्य" एवढं सांगितलं तरी चालतं. आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून आकडा कमी सांगू नका. असं करणारे फार लोक भेटतात.

३. "दुखतंय" एवढं सांगणं पुरेसं नाही का? वर्णन कशाला हवं?

वर्णनातून अर्धं निदान होतं. आणि आपली भाषा इथे फार श्रीमंत आहे, ती वापरा. छापील अर्जावर "तीव्र, मध्यम, सौम्य" असे तीन रकाने असतात. माणसं मात्र बोलतात तेव्हा किती बारकाईने बोलतात!

ठणका लागलाय, ठसठसतंय, नाडीच्या ठोक्याबरोबर दुखतंय असं कोणी म्हटलं की मी सूज किंवा पू शोधते. दात, नखुरडं, गळू, पिकलेली जखम. कळ येते आणि ओसरते, पुन्हा येते, असं असेल तर आतून पोकळ असलेला अवयव आवळतोय, म्हणजे आतडं, मूत्रनलिका किंवा गर्भाशय. मूतखड्याची कळ आलेला माणूस एका जागी बसू शकत नाही, तळमळत राहतो. पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आलेला माणूस उलट हलतच नाही. खाटेला कोणी धक्का दिला तरी ओरडतो. हा फरक मी दारातूनच बघते.

आग होते, भगभगतं, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं, चादर लागली तरी सहन होत नाही, हे सगळे मज्जातंतूंच्या दुखण्याचे शब्द. त्याची औषधं वेगळी असतात (प्रश्न १२ बघा). कंबरेतून सणक निघून पायात उतरते म्हटलं की नस दबलीय का ते तपासते. उसण भरली, लचक भरली, रग लागली, हे शब्द बहुतेक वेळा स्नायूंकडे बोट दाखवतात.

आणि एक वाक्य ऐकलं की मी हातातलं काम टाकते : "तसं दुखत नाही हो, छातीवर दडपण आल्यासारखं वाटतंय." हृदयविकाराचा झटका आलेली पुष्कळ माणसं "दुखतंय" हा शब्द वापरतच नाहीत (प्रश्न १८ बघा).

शब्दाबरोबर आणखी चार गोष्टी सांगा : कधीपासून, कुठून कुठे जातं, कशाने वाढतं किंवा कमी होतं, आणि त्यामुळे तुमचं कोणतं काम अडलंय.

४. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तरी दुखतंय. म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?

नाही. ज्यांचा पाय कापून काढलाय त्यांना नसलेल्या पायाची बोटं दुखतात. तिथे एक्स-रेत दिसायला काहीच नसतं, पण दुखणं खरं असतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली जुनी, १९७९ची व्याख्या बदलली. तिच्यानुसार वेदना हा शरीराला आणि भावनांना जाणवणारा अप्रिय अनुभव आहे, आणि प्रत्यक्ष इजा झालेली नसतानाही ती इजेसारखीच जाणवू शकते. कोणी आपल्याला दुखतंय असं सांगितलं तर त्याचा मान ठेवावा, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय.

आम्हा नर्सेसना हे त्याच्या कितीतरी आधी, १९६८ मध्ये, मार्गो मॅककॅफरी या नर्सने सांगितलं होतं : दुखणं म्हणजे तेच, जे दुखणारा माणूस सांगतो, आणि तो सांगतो तेव्हा ते असतं.

यात गैरसमज नको. विश्वास ठेवणं म्हणजे मागेल ते औषध देणं नव्हे. विश्वास ठेवल्यावर खरी तपासणी सुरू होते. रिपोर्ट नॉर्मल आल्याने काही मोठे आजार वगळले जातात, ही चांगली बातमी आहे. त्यानंतर झोप, ताण, स्नायूंची ताकद आणि मज्जासंस्थेची वाढलेली संवेदनशीलता हे सगळं बघायचं असतं.

५. थोडं सहन केलेलं बरं नाही का? सारख्या गोळ्या खाऊन शरीर नाजूक होतं म्हणतात.

डोकं जरा जड झालंय आणि झोपून बरं वाटणार असेल, तर गोळी नकोच. मोठं ऑपरेशन, हाड मोडणं, भाजणं, कॅन्सर यांत मात्र सहन करण्याची किंमत मोजावी लागते. श्वास उथळ होतो, माणूस उठत नाही, पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, झोप उडते. तीव्र वेदना फार काळ चालू राहिली तर मज्जारज्जूतल्या पेशी जास्त संवेदनशील होतात आणि पुढे थोड्या कारणानेही जास्त दुखू लागतं. सहन केल्याने शरीर कणखर होत नाही.

६. पॅरासिटामॉल तर साधी गोळी. हवी तेवढी घेतली तर चालते ना?

अजिबात नाही. ती सुरक्षित आहे ती मर्यादेत असते तेव्हाच. निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, आणि दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोज दारू घेतली जात असेल किंवा अनेक दिवस पोटात अन्न नसेल, तर मर्यादा याहून खाली येते.

बहुतेक चुका नकळत होतात. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, अंगदुखीच्या जोडगोळीत असतं, आणि वर तापासाठी वेगळी गोळी घेतली जाते. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. जास्त डोस गेल्यावर पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो आणि यकृत आतल्या आत बिघडत असतं. त्यावर उतारा आहे, आणि तो ८ तासांच्या आत दिला तर उत्तम काम करतो. म्हणून त्रास व्हायची वाट न बघता लगेच रुग्णालयात जा.

७. पेनकिलरने किडनी जाते हे खरं का?

"पेनकिलर" हे एक औषध नाही, त्यात बरीच घराणी आहेत. किडनीला धोका मुख्यतः आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या घराण्याचा. ही सुजेवर चांगली चालतात आणि तरुण, निरोगी माणसाने थोडे दिवस, काही खाल्ल्यावर घेतली तर बहुधा काही होत नाही. वय जास्त, पूर्वी पोटात अल्सर, हृदयविकार, किडनी आधीच कमजोर, रक्त पातळ करणारं औषध चालू, यांतलं काही असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

मला सगळ्यांत भीती वाटते ती एका त्रिकुटाची : रक्तदाबाची काही औषधं (नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असलेली), लघवी वाढवणारी गोळी, आणि त्यावर ही पेनकिलर. तिन्ही एकत्र आली आणि जोडीला उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं, तर किडनी काही दिवसांत बंद पडू शकते. या घराण्यातल्या दोन गोळ्या एकाच वेळी कधीच घेऊ नका. गुण वाढत नाही, अपाय मात्र वाढतो. गरोदरपणाच्या २०व्या आठवड्यानंतरही त्या टाळतात.

८. "दुखलं तर घ्या" आणि "घड्याळ लावून घ्या" यात एवढा काय फरक आहे?

खूप मोठा फरक आहे. अधूनमधून उठणाऱ्या दुखण्याला पहिली पद्धत ठीक. सतत असणाऱ्या दुखण्याला ती क्रूर ठरते. माणूस सहन करतो, मग मागतो, मग कोणीतरी आणून देईपर्यंत वेळ जातो, मग लागू पडायला अर्धा-पाऊण तास. दिवस असाच संपतो, आणि पुढच्या डोसाची भीती वेगळीच.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस (बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारं रुग्णालय) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या. दुखणं परत यायच्या आत पुढचा डोस द्या, हा त्यांचा आग्रह होता. माणसाचं दुखणं शरीराबरोबर मनाचं, घरच्या काळजीचं आणि श्रद्धेचंही असतं, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका रात्री मी एका रुग्णाला इंजेक्शन दिलं. तासाभराने दारातून डोकावले, तो डोळे मिटून पडला होता. "शांत झोप" असं लिहून पुढे गेले. सकाळी तो म्हणाला, "झोपलो कुठे होतो, सिस्टर? हललो तर कळ निघत होती, म्हणून डोळे मिटून पडलो होतो." डोळे मिटलेले दिसले म्हणून दुखणं थांबलं असं मी धरून चालले होते. तेव्हापासून मी खाटेपर्यंत जाते. तोंडी औषधानंतर साधारण तासाने आणि शिरेतून दिलं तर १५ ते ३० मिनिटांनी. गाढ झोपलेल्याला प्रत्येक वेळी उठवत नाही, पण कपाळावर आठी आहे का, मूठ आवळलेली आहे का, श्वास कसा चाललाय, हे जवळून बघते.

९. बर्फ लावू की शेक देऊ?

नुकतीच लचक किंवा मार बसलाय आणि सूज आहे : पहिले एक-दोन दिवस बर्फ, कापडात गुंडाळून, एका वेळी १५ ते २० मिनिटं. जुनी आखडलेली पाठ, मान, पाळीतलं पोट : शेक. बधिर जागेवर दोन्ही नको, भाजलेलं कळत नाही. औषधी पॅच लावलेल्या जागी शेक तर कधीच नको (प्रश्न ११ बघा). लागलेल्या जागी आपण आपोआप चोळतो, त्यालाही आधार आहे. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात.

१०. बाबांना मॉर्फिन सुरू केलंय. म्हणजे शेवट आला का? आणि त्यांना सवय लागेल ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा कापत असतो, म्हणून सावकाश उत्तर देते.

मॉर्फिन किती दिवस उरलेत यावर ठरत नाही, किती दुखतंय यावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी मांडली. तिसऱ्या पायरीवर मॉर्फिन आहे, आणि त्या पायरीवर माणूस महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहू शकतो. दुखणं कमी झाल्यावर माणसं खातात, बोलतात, अंघोळीला उठतात, हे मी पुष्कळदा बघितलंय.

आता सवय. या एका शब्दात तीन गोष्टी मिसळल्या जातात. पहिली : काही काळाने त्याच डोसाचा गुण कमी होणं. दुसरी : शरीराला औषधाची ओळख पडणं, म्हणजे एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, अस्वस्थता होणं. या दोन्ही शरीराच्या नेहमीच्या प्रतिक्रिया आहेत, त्यात कोणाचा दोष नाही. तिसरं खरं व्यसन : नुकसान होतंय हे दिसत असूनही औषधामागे धावणं, दुखण्यासाठी नव्हे तर नशेसाठी घेणं. कॅन्सरच्या दुखण्यासाठी देखरेखीखाली घेणाऱ्यांत ते क्वचित दिसतं. क्वचित म्हणजे कधीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. म्हणून आम्ही जुना इतिहास विचारतो (प्रश्न १५ बघा), गोळ्या मोजतो, आणि कुलपात ठेवायला सांगतो.

त्रास कोणते? पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ, जी बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. शरीर त्याला सरावत नाही, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू व्हायला हवं. ते लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. नुसत्या इसबगोलावर राहू नका; पाणी कमी प्यायलं जात असेल तर त्याने आतडं अधिकच तुंबतं.

धोक्याची खूण आधी गुंगीत दिसते, श्वासात नंतर. हाक मारूनही नीट जाग येत नाही, श्वास फार मंद झालाय, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात : ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. नॅलोक्सोन हा उतारा तिथे देता येतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांच्याबरोबर मॉर्फिन फार धोकादायक आहे.

११. गोळीऐवजी पॅच दिलाय. पटकन गुण यावा म्हणून शेकला तर?

नका. फेंटानिल हे मॉर्फिनच्या घराण्यातलंच औषध. त्याचा पॅच कातडीतून हळूहळू औषध सोडतो. उष्णता लागली की एकदम जास्त औषध अंगात जातं. गरम पाण्याची पिशवी, विजेवरची उशी, अगदी जोराचा ताप सुद्धा यात मोडतो, म्हणून ताप आला तर कळवा. गुण यायला १२ ते २४ तास लागतात, एक पॅच सहसा ७२ तास चालतो, आणि काढल्यावरही परिणाम बरेच तास राहतो. म्हणून अचानक उठलेल्या दुखण्याला, किंवा याआधी मॉर्फिनसारखं औषध कधी न घेतलेल्याला, तो लावायचा नसतो. कापू नका. जुना काढल्याशिवाय नवा लावू नका. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. वापरलेल्या पॅचमध्येही मुलाचा जीव जाईल इतकं औषध उरलेलं असतं.

१२. मधुमेहामुळे तळपायांची आग होते. मला डिप्रेशनची गोळी का दिली? मी वेडी आहे का?

नाही हो. ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन ही औषधं मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणारी वेदना दाबणारी यंत्रणा बळकट करतात. गॅबापेंटिन, प्रिगॅबॅलिन ही मूळची फिट्सची औषधं, ती चवताळलेल्या नसा शांत करतात. साधी पेनकिलर इथे फारशी चालत नाही. डोस लहान सुरू करून हळूहळू वाढवतात आणि गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारे बरेच जण असतात. खरं तर देतानाच हे नीट सांगायला हवं, पण घाईत ते राहून जातं.

१३. तीन वर्षं कंबर दुखतेय. दुखणं शून्यावर कधी येणार?

कदाचित येणार नाही, आणि हे मी तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगेन. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्यात बहुतेक वेळा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्थेचा भोंगा वाजत राहतो. अशा वेळी "किती दुखतं?"पेक्षा "काय करायचंय?" हा प्रश्न कामाचा. नातवाला उचलायचंय? अर्धा तास उभं राहून काम करायचंय? तिथपर्यंत जायचा आराखडा करू.

त्यात व्यायाम, झोप आणि मनाचे उपचार हे मुख्य असतात, गोळी त्यांच्या मदतीला. बरं वाटलं त्या दिवशी सगळं काम उरकायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, हा फेरा मोडा : दुखायच्या आधी थांबा, रोज थोडं वाढवा. अशा दुखण्यात मॉर्फिनसारखी औषधं दीर्घकाळ फारशी साथ देत नाहीत, आणि काही जणांत तर त्यांच्यामुळेच दुखणं वाढतं. डोस वाढवतोय आणि दुखणं पसरतंय असं झालं तर उपाय डोस कमी करण्यात असू शकतो.

१४. सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, बोलत नाहीत. दुखतंय हे कसं ओळखू? आणि लहान बाळाचं?

आधी विचारून बघा. "आत्ता दुखतंय का?" याला पुष्कळ जण मान हलवून उत्तर देतात. उत्तर आलं नाही तर पाच गोष्टी बघा : श्वास, तोंडातून निघणारा आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि धीर दिल्यावर शांत होतात की नाही. आम्ही याला प्रत्येकी ० ते २ गुण देतो. आणि तुम्ही रोजच्या सोबतीच्या आहात. "या अशा कधी वागत नाहीत" हे तुमचं वाक्य कोणत्याही मापकाच्या वरचं आहे. अचानक चिडणं, हात झटकणं, जेवण नाकारणं यामागे तुंबलेली लघवी, गच्च पोट, किडलेला दात किंवा पाठीवरची जखम निघते. आधी ते शोधा. चिडचिडीवर लगेच गुंगीचं औषध दिलं जातं आणि दुखणं तसंच राहतं, हे बघून मला फार वाईट वाटतं.

बाळांना दुखत नाही असा समज १९८०च्या दशकापर्यंत वैद्यकातही होता. तो चूक होता. सुई टोचताना बाळाला उघड्या छातीशी धरा, अंगावर पाजा. त्याने त्रास खरोखर कमी होतो. मुलांचा डोस वयावरून नव्हे, वजनावरून ठरवतात. ॲस्पिरिन मुलांना विचारल्याशिवाय कधीच नको, आणि १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन व ट्रॅमाडॉल ही मॉर्फिनच्या घराण्यातली औषधं देत नाहीत, कारण काही मुलांचं शरीर त्यांचं फार वेगाने तीव्र औषधात रूपांतर करतं आणि श्वास थांबू शकतो.

१५. मला पूर्वी व्यसन होतं. आता ऑपरेशन आहे. सांगितलं तर पेनकिलर देणार नाहीत अशी भीती वाटते.

सांगा. आणि सांगितल्यावर कोणी तुच्छतेने वागलं तर ती त्यांची चूक आहे, तुमची नव्हे. तुमचं दुखणं इतरांइतकंच खरं आहे, आणि ते न आवरल्याने पुन्हा व्यसनाकडे वळण्याचा धोका वाढतो.

आधी कळलं तर खूप काही करता येतं : नस बधिर करण्याची इंजेक्शनं, वेगवेगळ्या घराण्यांतली औषधं एकत्र, घरी जाताना मोजके दिवस, मोजक्या गोळ्या, आणि त्या जपून ठेवणारं विश्वासाचं माणूस. व्यसनाच्या उपचारासाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल तर ते सहसा थांबवत नाहीत. दुखण्याचं औषध त्याच्या जोडीला वेगळं लागतं. नॅलट्रेक्सोन घेत असाल तर मात्र ऑपरेशनच्या बऱ्याच आधी सांगायला हवं, कारण ते मॉर्फिनचा परिणाम अडवतं.

१६. किडनी किंवा लिव्हर आधीच खराब आहे. मग काहीच घेता येत नाही का?

घेता येतं, निवड बदलते. किडनी निकामी असेल तर मॉर्फिनचे उरलेले घटक अंगात साचून गुंगी आणि झटके येऊ शकतात. तिथे फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन बरं पडतं. गॅबापेंटिन, प्रिगॅबॅलिनचा डोस कमी करावा लागतो. प्रश्न ७ मधलं घराणं दोन्ही आजारांत टाळायचं. यकृताच्या आजारात पॅरासिटामॉलला लोक सगळ्यांत जास्त घाबरतात. पण कमी डोसात, अनेकदा दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, तेच इतरांपेक्षा सुरक्षित असतं. नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

१७. बरं वाटलं म्हणून मी गोळ्या एकदम बंद केल्या. चूक केली का?

पॅरासिटामॉल असेल तर नाही. मॉर्फिनच्या घराण्यातलं, गॅबापेंटिन किंवा प्रश्न १२ मधलं औषध आठवड्यांहून जास्त चालू असेल तर हो, कळवा. ही पायरीपायरीने उतरवतात. वर्षाहून जास्त काळ मॉर्फिनसारखं औषध घेणाऱ्याला महिन्याला साधारण १० टक्के इतकी सावकाश कपात सोसते. थांबवल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा दुखलं तर जुन्या डोसाने सुरू करू नका. शरीराची ओळख गेलेली असते, आणि तोच डोस जीवघेणा ठरू शकतो.

१८. कोणत्या दुखण्यात वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जायचं?

छातीत दडपण, विशेषतः घाम, धाप किंवा जबडा-हातात पसरणारं दुखणं. क्षणात उठलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा जाणं किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, वर धाप. लाकडासारखं कडक झालेलं पोट. ताप आणि मान ताठ. गरोदरपणात जोराचं पोटदुखी किंवा रक्तस्राव. यांत पेनकिलर घेऊन बघण्यात वेळ घालवू नका.

१९. ऑपरेशननंतर आईला बटण दाबून औषध घ्यायचा पंप दिलाय. ती झोपली की मी दाबलं तर चालेल?

नाही, कृपया नाही. झोपलेला माणूस बटण दाबू शकत नाही, त्यातच त्या पंपाची सुरक्षितता आहे. गुंगी चढली की डोस आपोआप थांबतात. तुम्ही मायेने दाबलेलं बटण ही कडी तोडतं. ती कण्हत असेल तर आम्हाला बोलवा, पंपाची मांडणी बदलू.

२०. बाबा औषध नको म्हणतात. जबरदस्ती करू का?

आधी कारण विचारा, एकटे असताना विचारा. कोणाला सवयीची भीती असते, कोणाला खर्चाची, कोणाला दुखणं वाढलं म्हणजे आजार वाढला हे मान्य करायचं नसतं. एका आजोबांनी मला सांगितलं, "संध्याकाळी मुलगी येते, तेव्हा मला जागं राहायचंय." आम्ही मोठा डोस रात्री नेला आणि दुपारचा कमी केला. संध्याकाळी थोडं दुखायचं, ते त्यांनी स्वतः निवडलेलं होतं. शुद्धीत असलेल्या माणसाचा नकार मानायचा असतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं असतं.

२१. शेवटच्या दिवसांत आजी शुद्धीत नाही, गिळत नाही. तरी औषध चालू ठेवायचं का? त्यानेच ती लवकर जाईल असं वाटतं.

चालू ठेवायचं. शुद्ध हरपल्याने दुखणं संपलं असं धरता येत नाही, आणि एकदम बंद केलं तर प्रश्न १७ मधला त्रास तिला होईल, जो ती सांगूही शकणार नाही. कातडीखालून बारीक सुईने औषध देता येतं, लहान पंपाने दिवसभर हळूहळू देता येतं. दुखण्याच्या मापाने दिलेल्या डोसाने मृत्यू लवकर येत नाही. तिला आजार घेऊन चाललाय. शेवटचा डोस तुमच्या हातून दिला गेला आणि त्यानंतर ती गेली, तर हे वाक्य पुन्हा वाचा.

घशातली घरघर ऐकणाऱ्याला फार लागते. तिला स्वतःला तिचा त्रास बहुधा होत नसतो. कुशीवर वळवलं की कमी होते. कपाळाची आठी, कण्हणं, वळवताना अंग आक्रसणं या खुणा मात्र दुखण्याच्या. वळवायचं किंवा अंग पुसायचं असेल तर त्याआधी किती वेळ जादा डोस द्यायचा ते नर्सला विचारून घ्या. ओठ आणि जीभ ओल्या बोळ्याने टिपत राहा. बोला तिच्याशी, ऐकू येत असावं असं धरूनच आम्हीही बोलतो. आणि अर्ध्या तासाने परत जाऊन कपाळ बघा.